वाचक विचारतात : महाराजपुऱ्याची धावपट्टी कोणाची?

मागच्या अंकात ग्वाल्हेरच्या महाराजपुरा विमानतळाच्या नव्या टर्मिनलविषयी चार ओळी छापल्या होत्या. त्यावर लष्कर, मुरार आणि दीनदयाळ नगर या शहरातल्या वस्त्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत. ज्यांचे प्रश्न जवळपास सारखे होते, त्यांचे उत्तर एकत्र दिले आहे.

प्रश्न : माझी आजी सांगत असे, की ग्वाल्हेरला पूर्वी विमान पाण्यावर उतरायचे. महाराजपुऱ्यात तर तलाव नाही. ही ऐकीव गोष्ट आहे का? — एक वाचक, नया बाजार, लष्कर

आपल्या आजींनी सांगितले ते खरे आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेजची उडती नौका-विमाने इंग्लंडहून पूर्वेकडे जात. हिंदुस्थानातला त्यांचा मार्ग कराची, राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता असा होता. वेळापत्रकात ग्वाल्हेरच्या थांब्यापुढे माधोसागर हे तलावाचे नाव असे. शॉर्ट कंपनीच्या या चार इंजिनांच्या विमानांचा पोटाकडचा भाग होडीसारखा बांधलेला होता. त्यामुळे धावपट्टी लागत नसे, लांब आणि शांत पाणी असले की काम भागे. त्या काळात इतक्या जड विमानाला पेलेल अशी पक्की धावपट्टी फार थोड्या गावांत होती. तलाव मात्र संस्थानांनी आधीच बांधून ठेवले होते.

अर्थात पाण्याच्या अडचणी वेगळ्या होत्या. तरंगते ओंडके तळाला भोक पाडू शकत, म्हणून विमान येण्याआधी मोटारबोटीतून पाण्यावर फेरी मारावी लागे. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की खडक वर येत. इंधन होडीतून आणून भरावे लागे आणि वारा सुटला की तेवढ्यावरच वेळ जाई. जून १९४० पासून हाच मार्ग डर्बन ते सिडनी या ‘घोड्याच्या नाले’च्या आकाराच्या फेरीचा भाग झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले, तेव्हा कलकत्त्यापुढचा भाग तुटला. महायुद्धाने जगभर पक्क्या धावपट्ट्या दिल्या आणि नौका-विमानांचे दिवस सरले.

महाराजपुऱ्याची कथा त्यानंतरची. युद्धकाळात ब्रिटिश वायुदलाने वापरलेली ही जागा स्वातंत्र्यानंतर भारतीय वायुदलाकडे आली. नागरी विमानेही लवकरच येऊ लागली. जुलै १९४८ मध्ये इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईची सेवा सुरू झाली. तारीख पाहिली की कारण लक्षात येते. त्याच वर्षी २८ मे रोजी मध्य भारत राज्य स्थापन झाले होते आणि त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी होती. सरकारच जर दर सहा महिन्यांनी गाव बदलणार, तर मधला प्रवास आगगाडीवर सोडून कसे चालेल? इंदूर आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांत सोयरिकी आहेतच, पण ही हवाई सोयरीक राज्यकारभारातून जुळली, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : माधवराव शिंदे नागरी उड्डाणमंत्री होते, पुढे ज्योतिरादित्यही झाले. तरी आमच्या गावाला वर्षानुवर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उड्डाणे का? — तीन वाचक, मुरार व समाधिया कॉलनी

मंत्री कोण होता, यापेक्षा धावपट्टी कोणाची हे आधी पाहायला हवे. राजमाता विजयाराजे सिंधिया विमानतळ हा सरकारी भाषेत ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ आहे. म्हणजे टर्मिनलची इमारत, तिच्यासमोरचा विमाने उभी करण्याचा एप्रन आणि तिथून धावपट्टीकडे जाणारा टॅक्सीवे एवढाच भाग विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. कुंपणापलीकडची धावपट्टी, एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचा टॉवर, हवामानाची नोंद आणि धावपट्टीवरचे अग्निशमन वायुदलाकडे असते. पुण्याचे लोहगाव, चंडीगड, श्रीनगर आणि जामनगर इथेही हीच व्यवस्था आहे.

त्यामुळे विमान कंपनीला नवे उड्डाण सुरू करायचे असेल तर फक्त प्रवासी असून भागत नाही. आधी वायुदलाकडून वेळेचा स्लॉट मिळायला हवा. टॉवर नागरी विमानांसाठी किती वाजेपर्यंत चालू राहणार, हेही वायुदलच ठरवते. सराव, मोठी संयुक्त कवायत किंवा धावपट्टीची दुरुस्ती असेल तर ‘नोटॅम’ नावाची सूचना निघते आणि त्या तासांत नागरी विमानाला जागा नसते. लढाऊ विमानांची तुकडी परत येत असेल तर तिला अग्रक्रम मिळतो. त्यांचे इंधन मोजून घेतलेले असते, त्यांना आकाशात घिरट्या घालत थांबवता येत नाही. आपले एटीआर किंवा एअरबस दहा-पंधरा मिनिटे थांबू शकते. हिशेब साधा आहे, आणि आमच्या मते योग्यही आहे.

दुसरी अडचण जागेची होती. जुने टर्मिनल इतके लहान होते की दोन विमाने एकाच वेळी आली तर माणसे बाहेर उभी राहत. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी नव्या टर्मिनलची पायाभरणी झाली आणि १० मार्च २०२४ रोजी उद्घाटन. जागा महाराजपुऱ्याच्या बटाटा संशोधन केंद्राकडून मिळाली. खर्च सुमारे ५०० कोटी रुपये, क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटरच्या वर आणि गर्दीच्या एका तासात १,४०० प्रवासी सामावण्याची क्षमता. या कामाच्या काळात ज्योतिरादित्य त्या खात्याचे मंत्री होते, हे नोंदवायलाच हवे. इमारतीचा प्रश्न त्यामुळे सुटला. स्लॉटचा प्रश्न इमारतीने सुटत नाही.

प्रश्न : धावपट्टीच्या टोकाला टेनिसच्या नेटसारखे मोठे जाळे असते म्हणतात. कशासाठी? आणि २०२१ मध्ये त्यालाच सरकारी विमान अडकले होते ना? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, ग्वाल्हेर

त्याला अरेस्टर बॅरियर म्हणतात. ते का लागते हे समजायला या तळावरच्या मिराज लढाऊ विमानाचे पंख पाहा. मिराज २००० चे पंख त्रिकोणी आहेत आणि मागे आडवी शेपटी नाही. त्यामुळे साध्या विमानासारखे पंखांचे फ्लॅप खाली करून वेग कमी करता येत नाही. तसे केले तर नाक खाली दबेल आणि ते सावरायला मागे शेपटीच नाही. म्हणून मिराज नाक वर करून, चांगल्याच वेगात टेकते. आधी नाक उचललेले ठेवून हवेच्या अडथळ्याने वेग घटवते, मग उभ्या शेपटीच्या बुंध्यातले ब्रेक पॅराशूट उघडते, आणि शेवटी चाकांचे ब्रेक.

या साखळीत कुठेही बिघाड होऊ शकतो. पॅराशूट उघडत नाही किंवा उघडून फाटते, ब्रेक जास्त तापून निकामी होतात, ओल्या धावपट्टीवर टायर घसरतात. उड्डाणाच्या धावेत इंजिनाने दगा दिला तर थांबायला मोजकीच धावपट्टी उरते. अशा वेळी टोकाचे नायलॉन पट्ट्यांचे जाळे उपयोगी पडते. ते दोन खांबांवर उभे राहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जमिनीवरच्या ऊर्जा शोषणाऱ्या यंत्रांना जोडलेल्या असतात. विमान शिरले की पट्ट्या ओढल्या जातात आणि यंत्रे त्यांना हळूहळू, वाढत्या जोराने अडवतात. एकदम अडवले तर विमान मोडेल आणि वैमानिकाची मान जाईल, म्हणून सारी कसब त्या ‘हळूहळू’त आहे. अशी जाळी आणि ब्रेक पॅराशूट यांवर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आपल्या शेजारी आग्र्याला आहे.

लढाऊ विमानासाठी हे जाळे जीवदान असले तरी नागरी विमानासाठी ते अडथळा आहे. म्हणून प्रवासी विमान उतरण्या-उडण्याआधी ते खाली पाडले जाते, आणि जाळ्याची स्थिती टॉवर व वैमानिक दोघांनाही ठाऊक असावी लागते. ६ मे २०२१ रोजी रेमडेसिविर इंजेक्शने घेऊन आलेले मध्य प्रदेश शासनाचे बीचक्राफ्ट किंग एअर विमान उतरताना उभ्या जाळ्याला धडकले. त्यात विमानाचे मोठे नुकसान झाले आणि वैमानिक जखमी झाले. एकाच पट्टीवर दोन जातींची विमाने चालवताना धोका कुठे लपलेला असतो, ते या घटनेत स्पष्ट दिसते. एकाचा बचाव हाच दुसऱ्याचा अपघात होऊ शकतो.

याच संदर्भात आणखी एक तपशील. टेकल्यानंतर लढाऊ विमान आपले पॅराशूट सोडून देते. ते कापड कर्मचारी गाडीने जाऊन उचलतात, मगच धावपट्टी पुढच्या विमानासाठी मोकळी होते. अधूनमधून सगळी पट्टी तपासून खडे, खिळे आणि तारांचे तुकडे वेचले जातात. मिराजला एकच इंजिन आहे. त्यात खडा गेला तर दुसरे इंजिन नाही. ‘विमान दारात उभे आहे, पण सुटत नाही’ अशी तक्रार करण्याआधी हे लक्षात घ्यावे.

प्रश्न : दीनदयाळ नगरात कधी चार विमाने लागोपाठ डोक्यावरून जातात, कधी दिवसभर शांतता. कधी तर खिडक्या हादरतात. याला काही नियम आहे का?

आहे, आणि तो वाऱ्याचा आहे. महाराजपुऱ्याच्या धावपट्ट्यांची दिशा ०६-२४ आहे, म्हणजे होकायंत्रावर साधारण ६० आणि २४० अंश. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरते आणि उडते. वारा पश्चिमेचा असेल तर २४ वापरतात, मग उतरणारे विमान भिंडच्या बाजूने येते आणि उडणारे शहराकडे जाते. वारा पूर्वेचा झाला की ०६, आणि सगळे उलट. त्यामुळे एका वस्तीला ज्या दिवशी कानठळ्या बसतात, त्याच दिवशी दुसरीकडे शांतता असते.

चार विमाने लागोपाठ ऐकू येतात ती तुकडी परत आलेली असते. ती एकत्र धावपट्टीवरून जाते आणि मग काही सेकंदांच्या अंतराने एकेक विमान तीव्र वळण घेऊन रांगेत उतरते. आवाजाचा सर्वांत मोठा भाग उड्डाणाचा असतो. आफ्टरबर्नर पेटला की मिराजच्या एम-५३ इंजिनाचा जोर सुमारे साडेसहा टनांवरून साडेनऊ टनांच्या वर जातो, कारण जळून बाहेर पडणाऱ्या वायूत पुन्हा इंधन टाकून ते पेटवले जाते. खिडक्या हादरवणारा एकच मोठा धमाका मात्र वेगळा. विमान ध्वनीपेक्षा वेगाने गेले की तो होतो. विमान फार उंचावर असते, आणि आवाज खाली पोहोचेपर्यंत बरेच पुढे निघून गेलेले असते. म्हणून आकाशात काही दिसत नाही आणि स्फोटाच्या अफवा पसरतात. असे झाल्यास आधी भांडी, काचा आणि गॅस तपासा, व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवण्याआधी पोलीस नियंत्रण कक्षाला विचारा.

प्रश्न : कारगिलमध्ये टायगर हिलवर बाँब टाकणारी विमाने ग्वाल्हेरहून उडाली होती, यावर मित्रांशी पैज लागली आहे. निकाल द्यावा. — दोन मित्र, दौलतगंज

पैज अर्धी-अर्धी वाटून घ्यावी. विमाने ग्वाल्हेरची होती, पण त्या मोहिमेत ती पंजाबातल्या आदमपूरहून उडाली.

थोडे मागून सांगतो. १९८२ मध्ये भारताने फ्रान्सशी ४० मिराजचा करार केला. जून १९८५ मध्ये ग्वाल्हेरला सातव्या स्क्वाड्रनने, म्हणजे ‘बॅटल अ‍ॅक्सेस’ने, ती वायुदलात आणली. त्यांना ‘वज्र’ असे नाव दिले गेले. नंतर पहिली स्क्वाड्रन ‘टायगर्स’ आणि नववी ‘वुल्फपॅक’ हीही मिराजवर आली. सीमेपासून बरेच आत असलेला तळ शत्रूच्या अचानक हल्ल्यापासून सुरक्षित राहतो, आणि आकाशात इंधन भरणारी विमाने जवळच आग्र्याला असल्याने लांबचा पल्लाही गाठता येतो.

कारगिलमध्ये अडचण उंचीची होती. शत्रू १६-१७ हजार फुटांच्या कड्यांवर होता आणि इतक्या विरळ हवेत बाँब नेहमीच्या गणिताप्रमाणे पडत नाही. थोडी चूक झाली तर तो डोंगराच्या पलीकडच्या उतारावर जातो. मिराजचे संगणक या उंचीसाठी नव्याने जुळवून घ्यावे लागले. हजार पौंडी बाँबला लेसरने दिशा देणारे किट आणि विमानाखाली लक्ष्यावर लेसर रोखणारा लायटनिंग पॉड बसवावा लागला. आधी मुंथो ढालो इथल्या शत्रूच्या तळावर साधे २५० किलोंचे बाँब टाकले गेले, आणि २४ जून १९९९ रोजी टायगर हिलवर लेसर बाँब पडले. तेव्हा वायुदलप्रमुख ए. वाय. टिपणीस होते. वीस वर्षांनी, २४ जून २०१९ रोजी, त्या हल्ल्याचे प्रात्यक्षिक मात्र ग्वाल्हेरलाच झाले. बहुधा इथेच तुमच्या मित्राचा गोंधळ झाला असावा.

२६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट मोहिमेतली मिराज मात्र ग्वाल्हेरहूनच उडाली होती. त्यावर पैज लावली असती तर पूर्ण जिंकला असता.

परदेशी पाहुण्यांची आठवणही अनेकांनी काढली आहे. २००३ मध्ये फ्रान्सबरोबरचा पहिला ‘गरुड’ सराव, फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या एफ-१५ विमानांबरोबरचा ‘कोप इंडिया’ आणि त्याच वर्षी सिंगापूरबरोबरचा सराव, हे तिन्ही इथलेच. लढाऊ डावपेच शिकवणारी ‘टॅकडे’ ही संस्थाही याच तळावर आहे. तिच्यातून निघालेला वैमानिक देशभरातल्या स्क्वाड्रनमध्ये बाकीच्यांना शिकवतो.

प्रश्न : कूनोचे चित्ते ग्वाल्हेरलाच का उतरवले? — आठवीतली वाचक, मुरार

छान प्रश्न. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते बोइंग ७४७ ने आले आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते वायुदलाच्या सी-१७ ने. इतकी जड विमाने पेलणारी कूनोजवळची धावपट्टी महाराजपुऱ्याचीच, आणि तिथून पुढे न्यायला हेलिकॉप्टरही तळावर तयार. पिंजऱ्यातल्या प्राण्याचा प्रवास जितका छोटा तितका त्याला त्रास कमी, म्हणून रस्त्याचा भागच टाळला.

प्रश्न : विमानात बसल्यावर फोटो का काढू देत नाहीत? — अनेक वाचक

सामान्य नागरी विमानतळावर खिडकीतून फोटो काढायला डीजीसीएची, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालयाची, मुभा आहे, संरक्षण दलांच्या विमानतळावर नाही. तिथे उतरताना, उडताना आणि जमिनीवर असताना फोटो किंवा व्हिडिओ काढणे निषिद्ध आहे. फोटोत मागे कोणती विमाने, किती आणि कुठे उभी आहेत ते दिसते, आणि आजच्या मोबाइलच्या फोटोत जागा व वेळही नोंदलेली असते. मे २०२५ मध्ये डीजीसीएने अशा विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, खिडक्यांचे पडदे खाली ठेवण्याची सूचनाही दिली होती. आणीबाणीच्या दाराजवळच्या खिडक्या त्यातून वगळल्या होत्या. कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये. टर्मिनलच्या शहराकडच्या बाजूला कुटुंबाचा फोटो खुशाल काढावा.

प्रश्न : जानेवारीत मुंबईला लग्न आहे. धुक्यामुळे विमान चुकले तर काय? — एक वधूपिता, लष्कर

चंबळ-ग्वाल्हेर पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेपासून दाट धुके धरते आणि बहुधा दहा-अकरापर्यंत विरते. रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला असेल तर दुसऱ्या सकाळी धुके जवळजवळ ठरलेलेच. रेडिओ खुणांनी विमान खाली आणणाऱ्या आयएलएस यंत्रणेच्या पहिल्या श्रेणीवर (कॅट-१) उतरायला धावपट्टीवर किमान ५५० मीटर दिसायला हवे. त्याखाली विमान दुसरीकडे वळवतात.

म्हणून दुपारचे विमान घ्या. पुढे दुसरे विमान पकडायचे असेल तर दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी काढली आणि पहिले उशिरा पोहोचले, तर दुसऱ्याची जबाबदारी कंपनी घेत नाही. विमान सहा तासांहून अधिक लांबणार असेल तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणे दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा मागता येतो. धुक्यासाठी नुकसानभरपाई मात्र मिळत नाही. नवऱ्यामुलीला आणि दागिन्यांना लग्नाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी पोहोचवा, आणि उरलेल्या मंडळींसाठी आगगाडीची तिकिटे आधीच काढून ठेवा.

प्रश्न : पिंटो पार्कजवळ मांसविक्रीचे दुकान टाकायचे आहे, आणि पुतण्याला ड्रोनने लग्नाचे चित्रीकरण करायचे आहे. अडचण येईल का?

दोन्हींत येईल. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे, सोलणे किंवा पक्षी येतील असा कचरा टाकणे विमान नियमांनुसार मना आहे. दुकानाचा परवाना महापालिकेकडून घ्या, आणि हाडे-आतडी झाकणाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी उचलली जातील याची व्यवस्था आधी करा. घारी वास धरून येतात, आणि एका इंजिनाच्या विमानासमोर किलोभराची घार आली तर काय होते ते वर सांगितलेच आहे. ड्रोनसाठी पुतण्याने डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा पाहावी. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, पिवळ्या क्षेत्रात एटीसीची परवानगी लागते, आणि इथली एटीसी वायुदलाची आहे. चित्रीकरणाचा आग्रहच असेल तर मंगल कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला घ्यावे.